टाटाची ईव्ही घेतली, तर सोलापूर-पुणे रस्त्यावर दुसऱ्या कंपनीच्या चार्जरवर चार्ज होईल का?

हो, होईल, नेक्सॉन ईव्हीला टाटाचाच चार्जर लागतो असं मुळीच नाही. टाटा, महिंद्रा, एमजी, ह्युंदाई यांच्या फास्ट चार्जिंग घेणाऱ्या सध्याच्या बहुतेक गाड्यांना एकच सीसीएस-२ प्लग बसतो. अमेरिकेत टेस्लाचा प्लगच वेगळा होता, म्हणून २०२४ मध्ये तिने फोर्डला आपले सुपरचार्जर खुले केले तेव्हा फोर्डवाल्यांना अ‍ॅडॉप्टर घ्यावा लागला. आपल्याकडे चारचाकीला ती कटकट नाही. त्यामुळे टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण या पट्ट्यात चार्जर कोणाचा यापेक्षा तो चालू आहे का, हे आधी बघा. खरा त्रास अ‍ॅपचा आहे: प्रत्येक चार्जिंग कंपनीचं अ‍ॅप वेगळं, वॉलेट वेगळं. दोन-तीन अ‍ॅप घरीच टाकून, थोडे पैसे भरून ठेवा. रात्री महामार्गावर ओटीपीची वाट बघत बसायची वेळ कुणावर येऊ नये. मात्र शोरूमच्या आवारातला चार्जर सार्वजनिक असेलच असं नाही. काही डीलर आपल्याच कंपनीच्या गाड्यांना आधी जागा देतात, तेव्हा तिथे फोन करूनच जा.