वाचक विचारतात : डेटनचं कोर्टहाउस

१९२५ साली अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात डेटन गावी जॉन स्कोप्स या शिक्षकावर खटला चालला. गुन्हा काय, तर माणसाची उत्क्रांती शाळेत शिकवली. त्याबद्दल आलेल्या पत्रांत खटल्याइतकीच चौकशी तो जिथे चालला त्या काउंटी कोर्टहाउसच्या इमारतीची आहे.

प्रश्न : काउंटी कोर्टहाउस म्हणजे आपलं तालुक्याचं कोर्टच ना?

नुसतं कोर्ट नाही. काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा विभाग, आणि हे त्याचं मुख्य ठिकाण. आपल्याकडे तहसील, दुय्यम निबंधक आणि कोषागार यांच्यात वाटलेली बरीच कामं तिथे परंपरेनं एका छपराखाली होत आली. टेनेसीत काउंटी क्लार्क लग्नाचा परवाना देतो, रजिस्टर ऑफ डीड्स खरेदीखतं नोंदवतो, ट्रस्टी मालमत्ता कर घेतो. तिघंही मतदानानं निवडून येतात. कचेरी ज्या गावात, तिथे वकील, खाणावळी आणि बाजार आपसूक येतात. डेटन ज्या काउंटीत आहे, त्या रे काउंटीची कचेरी आधी टेनेसी नदीकाठच्या वॉशिंग्टन गावात होती. रेल्वे मात्र डेटनवरून गेली, तिथे कोळसा-लोखंडाचा धंदा वाढला आणि १८९१ मध्ये विटांची तिमजली इमारत डेटनलाच उभी राहिली.

प्रश्न : एवढा मोठा खटला इतक्या लहान गावात कसा?

गावानं तो ओढून आणला! मार्च १९२५ मध्ये शाळेत माणसाची उत्क्रांती शिकवायला बंदी घालणारा बटलर कायदा टेनेसीत झाला. त्याला आव्हान देणाऱ्या शिक्षकाचा खर्च उचलू, अशी जाहिरात अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेनं दिली. डेटनचा धंदा तेव्हा मंदावलेला, वस्ती जेमतेम अठराशे. रॉबिन्सन यांच्या औषधाच्या दुकानात बसून काही प्रतिष्ठितांनी ठरवलं, की खटला इथेच होऊ दे, गावाचं नाव होईल. स्कोप्सला बोलावून विचारलं, तो तयार झाला.

प्रश्न : मग न्यायालय हिरवळीवर का भरलं?

कोर्टाची खोली दुसऱ्या मजल्यावर. जुलैचा उकाडा, त्यात खोली खच्चून भरलेली. त्या मजल्याला एवढं वजन पेलेल का, ही धास्ती न्यायाधीश रॉल्स्टन यांना होती, म्हणून २० जुलैला कामकाज बाहेर नेलं. बचावाचे वकील क्लॅरन्स डॅरो यांनी फिर्यादी बाजूच्या विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांना साक्षीदार म्हणून बायबलवर प्रश्न विचारले, ते तिथेच. गंमत अशी, की ज्युरी तेव्हा हजरच नव्हती, आणि दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांनी ती साक्ष नोंदीतून काढून टाकली.

प्रश्न : स्कोप्सला दंड झाला, मग निकाल रद्द का झाला?

रकमेपायी. बटलर कायद्यात किमान दंड १०० डॉलर होता. टेनेसीच्या राज्यघटनेप्रमाणे ५० डॉलरवरचा दंड ज्युरीनं ठरवायचा असतो. इथे ज्युरीनं फक्त दोषी ठरवलं, आकडा न्यायाधीशांनी घातला. १९२७ च्या जानेवारीत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं एवढ्याच चुकीवर शिक्षा रद्द केली, कायदा मात्र वैध ठरवला. म्हणजे बचावाला हवा होता तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा रस्ताच बंद! शिक्षा नाही, तर अपील कशावर करणार? कायदा १९६७ पर्यंत टिकला.

प्रश्न : भावाचं लग्न टेनेसीत झालं. भारतात दाखवायला कागद कुठून घ्यायचा?

परवाना ज्या काउंटीतून काढला, तिथल्या काउंटी क्लार्ककडून. परवाना ३० दिवस चालतो. लग्न लावणाऱ्यानं त्यावर सही करून तो तीन दिवसांत क्लार्ककडे परत द्यायचा असतो. घोटाळा इथेच होतो: समारंभ झाला, फोटो निघाले आणि परवाना कुणाच्या तरी फायलीत पडून राहिला. मग नोंद सापडत नाही. आधी नोंद झाल्याची खात्री करा, मग क्लार्कच्या सही-शिक्क्याची प्रमाणित प्रत मागवा. त्या प्रतीवर टेनेसीच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट कार्यालयातून अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा दाखला, घ्या. साधी झेरॉक्स पाठवू नका. अपोस्टिल अधिकाऱ्याच्या सहीची खातरजमा करतं आणि झेरॉक्सवर ती मूळ सहीच नसते.