नववीला पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवायला घेतेयस ना, मग हे वाच

अगं, मेसेज वाचला तुझा. मशीन १५ नि मुलं ५०, नेट असलं तर असलं. नेटची काळजी सोड, पायथन एकदा इन्स्टॉल केलं की त्याच्यासोबत येणारं आयडल, म्हणजे कोड लिहायची नि चालवायची खिडकी, नेटशिवाय छान चालतं.

पहिल्या तासाला मात्र कीबोर्डला हात लावू देऊ नकोस. फळ्यावर तीन ओळी लिही, अ = ५, खाली ब = अ, त्याखाली अ = ७. आता ब किती? उत्तर प्रत्येकाला वहीत लिहायला लाव, तोंडी घेतलंस तर पहिल्या बाकावरचा ओरडतो आणि बाकीचे त्याच्यामागे. उत्तर ५, पण बरेच जण ७ लिहितील, आणि ती काही ढ मुलं नसतात गं, बीजगणितात अ आणि ब सारखे म्हटले की शेवटपर्यंत सारखेच राहतात ना, इथे मात्र बरोबरचं चिन्ह म्हणजे उजवीकडची किंमत काढ, डावीकडच्या नावाला दे, झालं, पुढे दोघांचा संबंध संपला. अ = अ + १ बघून तर गणितातला एखादा पक्का उठून म्हणेल, मॅडम, मग शून्य बरोबर एक होतंय की! त्याला गप्प बसवू नकोस, गणिताच्या हिशोबाने तो बरोबरच आहे. यावर अख्खा तास गेला तरी जाऊ दे. रन मग कर.

इंग्लंडमध्ये स्यू सेंटन्स यांनी यावर बरंच काम केलंय, प्रिम म्हणतात त्या पद्धतीला: आधी अंदाज, मग चालवून बघणं, तपासणं, थोडं बदलणं, आणि स्वतःचा प्रोग्रॅम सगळ्यात शेवटी. आपल्याकडे कोरी स्क्रीन देऊन थेट शेवटापासूनच सुरुवात.

इनपुटचा, म्हणजे कीबोर्डवरून घेतलेल्या आकड्यांचा, घोळ तर मुद्दाम होऊ दे. ५ आणि ७ ची बेरीज ५७ आली की वर्ग हसतो, लगेच इंट (मजकुराचा पूर्णांक करणारी आज्ञा) सांगू नकोस, कुणीतरी 'चिकटवलेत' म्हणेपर्यंत थांब आणि तिथून स्ट्रिंगवर, म्हणजे आकडा नव्हे तर नुसता मजकूर यावर, ये.

व्हेरिएबलला (वरच्या अ, ब सारखं किंमत धरणारं नाव) वय, नाव अशी मराठी नावं पायथन ३ मध्ये बिनधास्त चालतात, फक्त कोडमधले आकडे इंग्रजी ठेव, नाहीतर सिंटॅक्स एरर, म्हणजे लिहिण्याच्या नियमाची चूक. (गंमत म्हणजे इनपुटला देवनागरी १४ टाकला तर इंट तो बरोब्बर वाचतो.)

एका मशीनवर तिघंचौघं बसणार, तर टायपिंग करणारा सारखा बदलत राहा, नाहीतर एकच मुलगा माऊस धरून बसतो नि मुली नुसत्या बघतात. एरर आली की तिची शेवटची ओळ त्यांनाच मोठ्याने वाचायला लाव.

आणि परीक्षेला पाठ केलेला प्रोग्रॅम नको, छापलेला दे, एक ओळ बदल आणि आउटपुट विचार. पेपर काढलास की पाठव, बघतो.