डेव्हिड मिक्सनर हे अमेरिकी राजकारणात नेमके कशासाठी ओळखले जातात?

डेव्हिड मिक्सनर (१९४६–२०२४) हे उघडपणे समलिंगी असलेले राजकीय सल्लागार १९७८ मध्ये कॅलिफोर्नियातील ‘प्रपोझिशन ६’ हरवण्यात बजावलेल्या भूमिकेसाठी प्रामुख्याने ओळखले जातात. सरकारी शाळांतील समलिंगी शिक्षकांना, तसेच समलिंगी संबंधांचे जाहीर समर्थन करणाऱ्यांनाही, नोकरीवरून काढण्याची वाट मोकळी करणारा तो प्रस्ताव होता. मिक्सनर आणि त्यांचे जोडीदार पीटर स्कॉट यांनी माजी गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांची भेट घेतली आणि नाराज विद्यार्थीसुद्धा खोटा आरोप करून कोणत्याही शिक्षकाला संपवू शकेल, हा शिस्तप्रिय नेत्याला पटणारा मुद्दा मांडला. सल्लागाराचे खरे कसब मला इथेच दिसते. रेगन यांनी प्रस्तावाला जाहीर विरोध केला आणि सुमारे ५८ टक्के मतदारांनी तो फेटाळला. मात्र हे श्रेय एकट्या मिक्सनर यांचे नव्हे, कारण हार्वे मिल्क व सॅली गिअरहार्ट हे समलिंगी हक्कांचे कार्यकर्ते आणि शिक्षक संघटनाही या लढ्यात होत्या. त्याआधी १९६९ च्या व्हिएतनाम युद्धविरोधी ‘मोरेटोरियम’ या देशव्यापी निदर्शनांचे ते एक संघटक होते. १९९२ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत त्यांनी मित्र बिल क्लिंटन यांच्यामागे समलिंगी मतदार उभे केले, पण सैन्यातील समलिंगींविषयीच्या धोरणावरून १९९३ मध्ये व्हाइट हाउससमोर त्यांच्याचविरुद्ध निदर्शने करून अटकही पत्करली.