‘मठातली’ बिअर की ‘मठधाटणीची’?

विचारणा अशी आहे: बेल्जियममधल्या स्वस्त सुपरमार्केटात हिवाळ्यापुरती येणारी गडद ‘अब्दैबीर’ (डच शब्द, शब्दशः ‘मठ-बिअर’) मराठीत ‘मठातली बिअर’ म्हणून चालेल का? चव ‘कडू, करपट’ आणि तळाशी ‘गाळ’ असे लिहिलेले बरोबर का?

‘मठातली’ नको. ‘-तली’ लावले की बिअर मठात बनली असा अर्थ होतो, आणि नेमके तेच इथे खरे नसते. मठाच्या आवारात किंवा लगतच, ट्रापिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या भिक्षूंच्या देखरेखीखाली बनते ती ट्रापिस्ट बिअर. तिचा षट्कोनी शिक्का १९९७ साली स्थापन झालेली संघटना देते. ‘अब्दैबीर’ सैल आहे. बेल्जियममधल्या लेफच्या मठाने १९५२ मध्ये बाहेरच्या कारखानदाराशी करार केला, तसे नाव मठाचे आणि भट्टी दुसऱ्याची. काही बाटल्यांवर तर भिक्षूचे चित्र तेवढे असते, मागे मठच नाही. ‘मठी बिअर’ही नको: ‘मठी’ म्हणजे छोटा मठ, शिवाय मठ्ठा आठवतो! ‘मठधाटणीची’ म्हणावे; धाटणी घडण सांगते, उगम नाही. (मठाला इंग्रजीत अ‍ॅबी म्हणतात, त्याचे मूळ अरामी ‘अब्बा’, म्हणजे बाप. आपल्या ‘आबा’शी नाते जोडू नये, असे शब्द बाळबोलीतून कुठेही उगवतात.)

‘करपट’ स्टाउट या काळ्या बिअरला शोभते, तिथे भाजून काळे केलेले जव असतात. इथला गडदपणा बराचसा बीटच्या साखरेच्या काळ्या पाकाचा, म्हणून चव मनुका नि काकवीची. लवंग आणि केळ्याचा वास यीस्टचा. या गडद बिअरच्या दुब्बेल प्रकारात मद्यार्क ६ ते ७.६ टक्के, पण कडवटपणा देणारे हॉप्स (एका वेलीची फुले) बेताचे. म्हणजे कडक खरी, कडू नव्हे. फार तर कडसर.

‘गाळ’ विहिरीतला. स्थिर ठेवलेल्या द्रवातून खाली बसतो तो ‘साका’. बाटलीतच पुन्हा आंबवलेल्या बिअरमध्ये तो यीस्टचा असतो. गाळून भरलेलीत नसतोच. बाटली दिवसभर उभी ठेवावी, ८ ते १२ अंशांवर आणावी. फ्रिजमधून थेट काढली तर वास दबतो आणि चव बोथट लागते. पेला तिरपा धरून एकाच धारेत ओतावी, मध्येच बाटली सरळ केली की साका उठतो. शेवटचे बोटभर बाटलीतच राहू द्यावे. वर येते ती निवळ, साका मिसळला की गढूळ, आणि मग चवीत कच्च्या कणकेचा वास येतो.