वाचकांचे प्रश्न : जुन्या चित्रावरून जलरंगातला चेहरा

प्रश्न : राजा रविवर्मा यांच्या चित्राची कॅलेंडरवरची छपाई समोर ठेवून जलरंगात चेहरा काढतो. रेखाटन जमते, पण रंग लावला की चेहरा मळकट होतो, गालावर वेडेवाकडे कडा असलेले डाग पडतात. पाणी बोअरचे वापरतो.
– एक वाचक, दर्यापूर तालुका

उत्तर : आधी समोरचे चित्र बदला. रविवर्म्यांची गाजलेली चित्रे तैलरंगातली आहेत. तैलरंगात गडदावर शेवटी उजेड चढवता येतो. जलरंगात उजेड म्हणजे कोरा राखलेला कागद. तैलचित्र पाहून रंगवताना हात थरावर थर देत जातो, खालचा रंग सुटतो आणि सगळे मिळून राखाडी होते. म्हणून मूळचेच जलरंगातले व्यक्तिचित्र निवडा. सा. ल. हळदणकरांचे म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातले, हाती दिवा घेतलेल्या स्त्रीचे चित्र जलरंगातलेच आहे, पण सुरुवातीला ते घेऊ नका. त्यात चेहऱ्यावरचा उजेड खालून येतो. नाकाखालची, हनुवटीखालची नेहमीची सावली त्यावरून शिकता येत नाही. एका बाजूने, थोडा वरून उजेड पडलेला चेहरा शोधा.

छपाईतल्या रंगांवर विसंबू नका. चित्राची कृष्णधवल प्रत काढा आणि पहिली नक्कल एकट्या बर्न्ट अंबरमध्ये (गडद तपकिरी) करा. गडद-फिकट जुळले, की मगच रंगीत.

कागद जाड, ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम), शक्यतो कॉटनचा. त्वचेला तीनच रंग पुरतात : यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), अल्ट्रामरीन (गडद निळा). गाल-ओठांसाठी किंचित क्रिमसन (गडद लाल). एका मिश्रणात तीनपेक्षा जास्त रंग गेले की मळ आलाच.

पहिला हात ऑकर-सिएनाचा, अगदी पातळ. १२ नंबरच्या गोल ब्रशने कपाळापासून गळ्यापर्यंत सलग. नाकाचा शेंडा आणि कपाळाचा उजळ भाग सोडा. ओला असतानाच गालावर, कानावर क्रिमसन टेकवा. मग थांबा. तळहाताची मागची बाजू कागदाला लावून पाहा. गार लागला तर आत ओल आहे. रंगाचा दुसरा हात देताना सिएनात अल्ट्रामरीन मिसळून डोळ्याची खोबण, नाकाची बाजू, वरचा ओठ, हनुवटीखालचा भाग अशी सावली एकमेकांना जोडून एकाच आकारात लावा आणि तिची एक कड ओलसर ब्रशने विरवा. पापण्या, नाकपुड्या, केस सगळ्यात शेवटी, ४ नंबरने. डोळ्यांतला पांढरा भाग कोरा ठेवू नका, त्यालाही फिकट सावली असते.

आता डाग. अर्धवट सुकलेल्या रंगात जास्त ओला ब्रश टेकला, की पाणी रंगकण ढकलत नेते आणि कड उमटते. विदर्भाच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, हवा कोरडी असते. दुसरा अर्धा चेहरा रंगवून होईतो पहिला अर्धा सुकतो. म्हणून सकाळी लवकर बसा, पंखा बंद ठेवा. रेखाटन झाल्यावर कागद दोन्ही बाजूंनी ओला करून काचेवर पसरलात तर बराच वेळ ओलावा टिकतो. बोअरच्या पाण्याचाही दोष आहेच. तुमचा भाग खारपाणपट्ट्यातला, जमिनीतले पाणीच खारे. क्षारांमुळे रंग एकसारखा पसरत नाही आणि गडद छटांवर पांढुरकी झाक राहते. आरओचे किंवा साठवलेले पावसाचे पाणी घ्या : एका भांड्यात ब्रश धुवा, दुसरे फक्त रंगात मिसळायला.

प्रश्न : कार्बन पेपरने रेखाटन उतरवले तर चालेल का?
– वाचक भगिनी, मेहकर तालुका

उत्तर : नको. कार्बनची रेघ मेणकट असते, तिच्यावर रंग धरत नाही आणि ती पुसलीही जात नाही. चौकटींची पद्धत वापरा : प्रतीवर २ सेंमीच्या आणि कागदावर ३ सेंमीच्या चौकटी आखून एकेक चौकट पाहून उतरवा, म्हणजे चित्र दीडपट होते. पेन्सिल हलकी चालवा. खोडरबर जोरात घासला की कागदाचा वरचा लेप निघतो आणि तिथे रंग डागासारखा शोषला जातो.

प्रश्न : अशी नक्कल विकता येते का?
– एक वाचक, दारव्हा

उत्तर : भारतात चित्रकाराच्या निधनानंतर ६० वर्षे कॉपीराइट राहतो. रविवर्म्यांचे निधन १९०६ चे, त्यामुळे तिथे अडचण नाही. हळदणकरांचे १९६८ चे. म्हणजे २०२८ संपेपर्यंत त्यांच्या चित्रांच्या नकला सरावापुरत्याच ठेवा. कोणतीही नक्कल असो, खाली मूळ चित्रकाराचे नाव लिहून 'त्यांच्या चित्रावरून' असे नमूद करा आणि मग आपली सही करा.