वस्ताद कॉटखाली का गेला?

“मॅडम, गोळ्या नकोत. काहीतरी नॅचरल सांगा.”

कुत्रं आवाजाला घाबरतं म्हणून येणारे बहुतेक फोन याच वाक्यानं सुरू होतात. या वेळी बोलत होत्या मंगळवार पेठेतल्या एक वहिनी. घरात आठ वर्षांचा लॅब्राडोर, नाव वस्ताद. (नाव बदललंय, पण मूळ नावही याच थाटाचं होतं.) ते ठेवलं सासऱ्यांनी. आबा तरुणपणी तालमीत घुमलेले, त्यामुळे कुत्र्याचं नाव ‘ब्रूनो’ वगैरे ठेवायची कुणाची छातीच झाली नसावी.

मार्चमध्ये पेठेतल्या टीमनं मॅच मारली. कोल्हापुरात फुटबॉलची मॅच मारली म्हणजे गल्लोगल्ली दिवाळी. गल्लीच्या तोंडाला माळ लागली आणि वस्ताद अर्धवट उघड्या फाटकातून सुटला. पोरं रात्रभर मोटरसायकली घेऊन फिरली. सकाळी तो रंकाळ्यावर, संध्यामठाच्या बाजूला, चिखलानं माखलेला सापडला. तेव्हापासून कुकरची शिट्टी झाली तरी कॉटखाली. गच्चीवर जाणं बंद. रात्री घरभर येरझाऱ्या, धापा, लाळ.

“आधी कधी घाबरायचा का?” मी विचारलं.

“छे! सात दिवाळ्या आमच्याबरोबर गच्चीत उभा राहून बघितल्यात त्यानं.”

वहीत मी हे वाक्य लिहून खाली दोन रेघा मारल्या. पिल्लू असताना घाबरणारं कुत्रं वेगळं. सात वर्षं मजेत राहून आठव्या वर्षी अचानक घाबरायला लागलेलं कुत्रं वेगळं. सुटून हरवल्याचा धक्का होताच, पण कुकरच्या शिट्टीला कॉटखाली जायला तेवढंच कारण मला पुरेसं वाटेना.

घरी गेले तेव्हा घरातले घरगुती उपाय आधीच करून झाले होते. वहिनींनी मोबाइलवर बघून त्याच्या गादीवर कसलंसं सुगंधी तेल शिंपडलं होतं. मुलानं अश्वगंधाचा डबा आणून ठेवला होता, सुदैवानं अजून फोडला नव्हता. आज्जींचा उपाय जुना.

“मी कुठं काय केलो? चिमूटभर जायफळ उगाळून दुधातनं दिलो. पोरांना देत नाही का आपण?”

आज्जींचं चुकलं म्हणायला माझी जीभ रेटेना, पण सांगावं लागलं. जायफळ कुत्र्याला बाधतं. जास्त झालं तर भ्रम होतो, छाती धडधडते, झटके येतात. चिमटीनं वस्ताद वाचला एवढंच. कापराचंही तसंच, चाटला की विष. टी ट्री ऑइल तर कातडीवर लावलं तरी अंगात भिनतं आणि पाय लटपटतात. आणि सुगंधी तेल आपल्याला मंद वाटतं. ज्याचं सगळं जग नाकातून आत येतं त्याच्या गादीवर ते शिंपडलं, म्हणजे त्याची झोपायची जागाच काढून घेतली. अश्वगंधा माणसाच्या मापानं भरलेली. ती द्यायचीच तर जनावरांच्या डॉक्टरना विचारून, घरी अंदाजानं नको. नॅचरल म्हटलं की आपला हात आधी डब्याकडे नाहीतर बाटलीकडे का जातो, याचा मला अजून उलगडा झालेला नाही. कुत्र्याचं नॅचरल म्हणजे हुंगणं, चाटणं, चावणं, आडोसा धरून बसणं.

हे बोलणं चालू असताना वस्ताद माझ्याकडे यायला उठला, आणि मी बोलायची थांबले. पुढचे पाय टेकले, छाती वर आली, पण मागचे दोन्ही पाय बाजूला घसरले. परत सावरले, परत घसरले. तिसऱ्या वेळी उठला आणि भिंतीच्या कडेकडेनं, नखं टकटक वाजवत, पाय मोजून टाकल्यासारखा चालत आला. बसताना नीट बसला नाही, एका कुल्ल्यावर कलंडला.

“ही फरशी कधी बदलली?”

“दिवाळीला. आधी शहाबादी होती.”

नवी फरशी आरशासारखी. वजन विचारलं तर एक्केचाळीस किलो. या जातीच्या नराला तीस ते छत्तीस पुष्कळ झाले. मी म्हटलं, वहिनी, आवाजाचं बघू, पण आधी डॉक्टरकडे जाऊन याचे खुबे दाखवून घ्या.

आबा खुर्चीतून म्हणाले, “भितंय ते. खुब्याचं काय त्यात?”

त्यात बरंच काही असतं. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठाचा 2018 मधला एक अभ्यास मी अशा घरांत नेहमी सांगते. छोटाच आहे, वीस कुत्र्यांचा. सगळी आवाजाला घाबरणारी. दहांना सांध्यांचं किंवा स्नायूंचं दुखणं, दहांना नाही. दुखणाऱ्या कुत्र्यांची भीती सरासरीनं जवळजवळ चार वर्षं उशिरा सुरू झालेली होती. अभ्यासकांचा अंदाज साधा आहे: आवाज झाला की अंग दचकतं, ताठ होतं, आणि दुखऱ्या सांध्यातून कळ येते. कुत्र्याच्या डोक्यात मग आवाज म्हणजेच कळ असं बसतं. वस्तादच्या बाबतीत दचकणं, वर गुळगुळीत फरशीवर घसरणं, वर कळ, असं तिहेरी झालं असावं. गच्चीवर न जाण्याचं कारण फटाके नव्हतेच, जिना होता.

एक्स-रेमध्ये दोन्ही खुब्यांचे सांधे झिजलेले निघाले. डॉक्टरांनी दुखण्याचं औषध दिलं, खाणं कमी केलं. “गोळ्या नकोत” म्हणणाऱ्या वहिनींनी ते मुकाट्यानं सुरू केलं. एक गोष्ट मात्र बजावून आले: घरातल्या माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या कुत्र्याला अर्धीसुद्धा द्यायची नाही. फरशीवर जुन्या सतरंज्या आणि रबरी पट्ट्या टाकल्या, वस्तादच्या पाणी-जेवण-दार या वाटेपुरत्या. घराची शोभा गेली खरी.

मग आवाजाचं काम. त्याला माणूस हवा होता आबांसारखा, पण आबा तयार नव्हते. त्यांचं म्हणणं, भेदरलेल्या कुत्र्याला जवळ घेतलं की ते आणखी भित्रं होतं. हा समज इतका पक्का रुजलाय की शिकलेल्या घरांतही सापडतो. भीती ही काही युक्ती नाही, लाड मिळतात म्हणून कुत्रं ती वाढवत नाही. तो येऊन पायाशी लागला तर हात ठेवावा, हळू बोलावं. तो आडोशाला गेला तर ओढून काढू नये. आणि खेकसू तर अजिबात नये, कारण मग फटाका एकीकडे आणि आबा दुसरीकडे, त्यानं जायचं कुठं?

आबा गप्प. मी वाट वाकडी केली.

“आबा, तालमीत नवं पोरगं आलं की पहिल्या दिवशी किती जोर काढायला लावायचा?”

“दहा-पंधरा. जास्त नाही.”

“का?”

“अंग धरलं तर दुसऱ्या दिवशी येतंय कशाला?”

“मग वस्तादला पहिल्या दिवशी दहा हजारांची माळ का ऐकवायची?”

आबा हसले, आणि फोन मागून घेतला.

नातवानं फटाक्यांचा आवाज फोनवर उतरवून दिला. पहिले चार दिवस आवाज इतका बारीक की आबांना ऐकूच येईना. त्यांना वाटलं फोन बिघडला. आपल्याला फार तर 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला साधारण 45,000 पर्यंत, आणि बारीक आवाजही त्याला आपल्याहून लांबून कळतो. वस्तादचे कान हलायचे, तेवढं पुरे. कान हलला की उकडलेल्या चिकनचा चण्याएवढा तुकडा. क्रम महत्त्वाचा, आधी आवाज, मग लगेच तुकडा. दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटं. त्यानं जीभ ओठांवरून फिरवली, उगाच जांभई दिली, डोळ्यांचा पांढरा भाग दिसायला लागला किंवा तुकडा नाकारला, की आवाज कमी. या खुणा आबांना वहिनींच्या आधी दिसायला लागल्या. प्रतिस्पर्ध्याच्या खांद्याकडे बघत आयुष्य गेलेला माणूस तो.

जागा वस्तादनं स्वतःच निवडली होती, कॉटखाली. आम्ही फक्त तिचं घर केलं: तीन बाजूंनी गोधडी सोडली, खाली आबांचं न धुतलेलं धोतर. मॅच असेल त्या दिवशी दुपारीच त्याला फिरवायचं. चालवायचं कमी, हुंगू द्यायचं जास्त. एका खांबापाशी चार मिनिटं लागली तर लागू देत. संध्याकाळी खिडक्या बंद, पंखा मोठा, रेडिओवर काहीतरी संथ. बेलफास्टमध्ये 2002 मध्ये आश्रयघरातल्या कुत्र्यांवर केलेल्या अभ्यासात शास्त्रीय संगीत लावल्यावर कुत्री जास्त पडून राहिली आणि हेवी मेटलला जास्त भुंकली. ते संगीत पाश्चात्त्य होतं, पण वस्तादला बासरी चालली. आणि एका खरखरीत ताटलीत घट्ट दही थापून तिच्या खाचाखाचांत शिजवलेला लाल भोपळा. चाटता चाटता कुत्र्याचा श्वास संथ होतो, हे समोर बसून बघावं. आज्जी मात्र पांढऱ्या रश्श्यातली हाडं द्यायच्या. ती बंद केली. शिजलेलं हाड फुटून घशात, आतड्यात रुततं, आणि रश्श्यातला कांदा-लसूण रक्ताला वाईट. चावायची हौस त्यानं एकदा आबांच्या कोल्हापुरी चपलेवर भागवली. अस्सल कातडं, वर आबांचा वास. बिचाऱ्याची निवड मला पटली, पण तुकडे गिळले असते तर ऑपरेशनच होतं.

मे महिन्यात वळवाचा पहिला पाऊस आला आणि दोन आठवडे मागे गेलो. ढगांचा गडगडाट फोनमधून निघत नाही. त्याबरोबर हवा बदलते, वीज चमकते, वास येतो. वहिनी फोनवर रडवेल्या झाल्या होत्या. आम्ही आवाज परत ऐकू न येण्याइतका खाली आणला आणि पुन्हा सुरुवात केली. डॉक्टरांनी गडगडाटी दिवसांपुरती भीतीची एक गोळीही दिली. या खेपेला “नॅचरल” हा शब्द कुणी काढला नाही. भीतीनं कुत्रं खिडकीतून उडी टाकत असेल, स्वतःला चावत असेल, तर दह्याच्या ताटलीवर विसंबून राहणं हा हट्ट झाला.

जुलैपर्यंत वजन सदतीसवर आलं. कुकरची शिट्टी झाली की मान वर होते, बस. गल्लीत माळ लागली तर तो अजूनही कॉटखाली जातो, पण चालत जातो, आणि ताटली सरकवली तर चाटतो.

गणपती जवळ आले तसं वहिनींनी विचारलं, विसर्जनाला कितपत तयारी करायची? मी म्हटलं, काहीच नाही, त्याला इथं ठेवूच नका. महाद्वार रोडची मिरवणूक आणि ती साउंड सिस्टीम. माझ्याच छातीत धडधडतं, त्याला कशाला ऐकवायचं? भुदरगड तालुक्यात त्यांचं शेतातलं घर होतं. पट्ट्यावर फोन नंबर कोरून घेतला, गाडीत त्याची गोधडी टाकली आणि आबा स्वतः त्याला घेऊन आदल्या दिवशी निघाले. पन्नास वर्षांत आबांची ही पहिली चुकलेली मिरवणूक.

रात्री साडेअकराला त्यांचा फोन आला. मी घाबरून उचलला.

“काही नाही, मॅडम. वस्ताद घोरतोय. मलाच झोप येईना, इथं आवाजच नाही कसला.”