बी.लिब. (ग्रंथालयशास्त्राची पदवी) करतेय, शाळेत ग्रंथपाल व्हायचंय. पण बोलायचं म्हटलं की घाबरते. काय करू?

भाषणाची भीती असेल तर आधी ती सोडा. शाळेच्या ग्रंथालयात भाषण वर्षातून एकदा, 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनी. बाकी रोजचं काम म्हणजे ऐकणं.

परभणीजवळच्या एका शाळेत मी प्रात्यक्षिकाला होतो. पाचवीतला एक पोरगा आला, "सर, ते निळं पुस्तक द्या की." मी लगेच "नाव काय? लेखक कोण?" पोरगं गप्प, आणि निघून गेलं. दुसऱ्या दिवशी विचारलं, "त्यात काय होतं रे?" तर म्हणे, "साप व्हते, लई!" दोन मिनिटांत पुस्तक सापडलं. बी.लिब.च्या वर्गात संदर्भ सेवा (वाचकाला हवं ते शोधून द्यायला मदत करणं) म्हणून जे शिकवतात ते हेच. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यातलं दुसरं, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, मला त्या दिवशी कळलं.

तेव्हा रोज एक करा: गल्लीतल्या चार पोरांना गोळा करून दहा मिनिटं गोष्ट मोठ्याने वाचून दाखवा. मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐका. (स्वतःचा आवाज आधी नकोसा वाटतो, सगळ्यांनाच.) पोरं घरच्या बोलीत बोलली तर सुधारत बसू नका, नाहीतर ती परत यायची नाहीत.

मुख्याध्यापकांशी बोलणं वेगळं. तिथं "पुस्तकं कमी आहेत" म्हणून भागत नाही. देवघेव नोंदवही उघडून दाखवा, कोणत्या वर्गाने महिन्यात किती पुस्तकं नेली ते.